सकाळी बंद, दुपारी चालू : एका घरच्या ईमेलचं प्रकरण

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरातला हा डेस्कटॉप २०१४ साली घेतलेला. मध्यंतरी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली, रॅम वाढली, विंडोज १० आलं. मदरबोर्ड आणि डबा मात्र मूळचाच. वापरणारे तिघं. काका निवृत्त शिक्षक, सहाच्या सुमारास पहिले तेच बसतात. नातू डिप्लोमाला आहे. तो नऊच्या आसपास, कॉलेजला निघण्यापूर्वी थोडा वेळ बसतो आणि मग थेट रात्री. वहिनी म्हणजे काकांच्या सूनबाई घरून दोन-तीन दुकानांचे जीएसटीचे हिशेब बघतात, त्यांची वेळ दुपारची. विंडोजवर तिघांची तीन वेगळी लॉगिनं आहेत. ही व्यवस्था चांगलीच आहे, आणि पुढच्या गोंधळात तिचा वाटा असला तरी मी ती मोडायला सांगितली नाही.

ईमेलचं म्हणाल तर ‘घरचं’ म्हणून एक जुनं खातं आहे, इंटरनेट कंपनीने टेलिफोनच्या जोडणीबरोबर दिलेलं. बँकेचे उतारे, महावितरणचं बिल, विम्याच्या हप्त्याची सूचना, सोसायटीच्या नोटिसा, सगळं त्यावर येतं. हे खातं काकांच्या आणि वहिनींच्या दोन्ही लॉगिनमध्ये, थंडरबर्ड या प्रोग्राममध्ये, पॉप-थ्री पद्धतीने (यात मेल सर्व्हरवरून कंप्युटरवर उतरवून घेतले जातात) जोडलेलं होतं. वहिनींचं कामाचं जीमेल त्यांच्या थंडरबर्डमध्ये आयमॅपने (यात मेल सर्व्हरवरच राहतात) होतं. नातवाचं सगळं ब्राउझरमध्ये.

तक्रार काय होती

फोनवर सांगितलं ते एवढंच : “मेल कनेक्ट होत नाही.” घरी जाऊन खोदून विचारलं तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. काकांना सकाळी सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हर खरा असल्याच्या दाखल्याची, खिडकी दिसते, मेल येत नाहीत, आणि संध्याकाळी पाहावं तर सगळे आपोआप येऊन पडलेले असतात. वहिनींना ती खिडकी कधीच दिसलेली नाही. त्यांच्याकडे पासवर्ड स्वीकारला गेला नाही असा निरोप येतो, एकेक मेल दोन-तीनदा येतो, आणि काही मेल तर येतच नाहीत. महावितरणचं बिल असंच काकांकडे दिसलं नाही आणि उशिराचा आकार भरावा लागला. नातवाचं मत, “सर्व्हर डाऊन असतो त्यांचा.”

मी गेलो त्या संध्याकाळी यातलं काहीच दिसेना. दोन्ही लॉगिनमधून एकच एरर : कनेक्शन टाइम्ड आउट.

अशा वेळी बहुतेकांचा हात थेट खात्याच्या सेटिंग्जकडे जातो. पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) बदल, सुरक्षेचा पर्याय बदल, खातं काढून पुन्हा टाक. मला ते पटत नाही. काल चालत होतं ते आज बंद पडलं असेल तर सेटिंग्ज रात्रीत बदललेली नसतात. आणि कंप्युटर घरात सगळ्यांचा मिळून असेल तर मी आधी माणसांची वेळापत्रकं विचारतो : कोण कधी बसतं, उठताना काय करतं, कोणी अलीकडे काय बदललं. या प्रकरणात निम्मं निदान त्या उत्तरांमध्येच होतं.

पहिला थर : घराचाच पत्ता अडवलेला

टाइम्ड आउटची शहानिशा सोपी आहे. घरच्या वायफायवर कंपनीचं वेबमेल उघडेना. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर तेच पान उघडलं, लगेच आलं. कंप्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला आणि पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा देऊन सर्व्हरचं पोर्ट ९९५ तपासलं, तर उत्तर ‘ट्रू’. वायफायवर परत आल्यावर ‘फॉल्स’. म्हणजे सर्व्हर जागेवर होता, कंप्युटर धड होता, थंडरबर्ड धड होता. अडत होता तो या घराचा इंटरनेटवरचा आयपी पत्ता. घरातली सगळी उपकरणं बाहेर त्या एकाच पत्त्याने दिसतात, त्यामुळे एकाने गडबड केली की शिक्षा सगळ्यांना.

गडबड कोणाची? तेव्हा कळलं की आठवड्यापूर्वी नातवाने घरच्या खात्याचा पासवर्ड बदलला होता. काका म्हणाले पासवर्ड चुकतोय, म्हणून त्याने वेबमेलमधून नवा ठेवला आणि काकांच्या लॉगिनमध्ये घातला. वहिनींच्या लॉगिनमध्ये जुनाच जपून ठेवलेला राहिला, आणि वहिनींच्या मोबाइलच्या मेल ॲपमध्येही. ॲप आपलं जुन्या पासवर्डाने सर्व्हरचं दार ठोठावत होतं आणि वहिनी ‘रीट्राय’ दाबत होत्या. चुकीचे पासवर्ड एकाच पत्त्यावरून वारंवार यायला लागले की बहुतेक मेल सर्व्हर तो पत्ता काही काळ अडवून ठेवतात. एकामागून एक पासवर्ड टाकून खरा ओळखू पाहणाऱ्या चोरांना रोखण्यासाठी ती सोय असते. कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारलं, त्यांनी तेच सांगितलं आणि अडवणूक काढली. त्याआधी मोबाइलमधून घरचं खातं काढून टाकलं आणि वहिनींच्या थंडरबर्डमध्ये जपलेल्या पासवर्डांच्या यादीतून जुना पासवर्ड खोडला. हे केलं नसतं तर थोड्या वेळाने पत्ता पुन्हा अडला असता.

राउटर बंद-चालू केला तरी अशा वेळी काम भागल्यासारखं वाटतं, कारण अनेक घरगुती जोडण्यांना दरवेळी नवा पत्ता मिळतो. “राउटर रिस्टार्ट केला की मेल येतो” असं कोणी सांगितलं तर माझ्या मनात पहिला संशय याचाच येतो.

पण नातवाने पासवर्ड बदलला तो काका चुकतोय म्हणाले म्हणून. मुळात पासवर्ड चुकतच नव्हता.

दुसरा थर : कुलूप

पासवर्ड स्वीकारला गेला नाही हा थंडरबर्डचा निरोप नीट वाचण्यासारखा आहे. पहिल्या वाक्यात म्हणतो, अमुक वापरकर्त्याचा पासवर्ड पाठवणं यशस्वी झालं नाही. पुढे सर्व्हरचं स्वतःचं उत्तर जोडतो. माणूस पहिलं वाक्य वाचून थांबतो आणि पासवर्ड पुन्हा टाइप करायला लागतो. खरी गोष्ट दुसऱ्या भागात असते. या वेळी त्या भागात चौकटी कंसात लिहिलेलं होतं : इन-यूज. वापरात आहे.

पॉप-थ्री ही जुनी पद्धत, तिचे आजचे नियम १९९६ सालच्या आरएफसी १९३९ या दस्तऐवजातले. त्यात असं आहे की कोणी आत शिरलं की सर्व्हरने खात्याच्या मेलपेटीला कुलूप लावायचं आणि तो बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याला आत घ्यायचं नाही. बँकेच्या लॉकरच्या खोलीत एका वेळी एकच जण, तसंच. सगळे सर्व्हर हा नियम सारख्याच कडकपणे पाळत नाहीत, पण या कंपनीचा पाळत होता.

मग आत कोण होतं? घरातलेच. काका उठताना ‘स्विच यूजर’ करतात, ‘साइन आउट’ नाही. पडद्यावर दुसऱ्याचं लॉगिन दिसतं, पण मागे काकांचा थंडरबर्ड चालूच राहतो आणि ठरलेल्याप्रमाणे दर १० मिनिटांनी मेल तपासतो. वहिनींचाही तसाच. एरवी ही तपासणी काही सेकंदांची, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडायची. वर्षानुवर्षं कोणाला जाणवलं नाही ते त्यामुळे.

जाणवायला लागलं ते एका लग्नाच्या फोटोंमुळे. नात्यातल्या कोणीतरी मूळ आकाराचे फोटो एकाच मेलला जोडून पाठवले होते. जोडलेली फाइल मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १५ एमबीचे फोटो २० एमबीच्या वर जातात. त्यात या कंप्युटरवरचा अँटिव्हायरस येणारा प्रत्येक मेल मध्येच अडवून, पूर्ण तपासून मगच थंडरबर्डच्या हाती देणारा. थंडरबर्ड सर्व्हरकडून काहीच ऐकू आलं नाही तर मूळ सेटिंगनुसार १०० सेकंद वाट पाहतो आणि नाद सोडतो. तो नाद सोडताना सर्व्हरला ‘क्विट’ म्हणून निरोप देत नाही. निरोप न घेता गेलेल्याच्या बाबतीत नियम दोन गोष्टी सांगतो. एक, सर्व्हर कुलूप स्वतःहून काढू शकतो, पण निदान १० मिनिटं शांतता गेल्यावरच. दोन, अशा खेपेत पेटीतला एकही मेल पुसायचा नाही.

आता इकडचे १० आणि तिकडचे १० शेजारी ठेवून बघा. कुलूप निघायच्या बेताला पुढची तपासणी येऊन धडकते. ती आत शिरली तर पुन्हा त्याच फोटोंपाशी अडकते, नाही शिरली तर ‘इन-यूज’. आणि फोटोंच्या आधी रांगेत असलेले लहान मेल दरवेळी उतरतात, पण पेटीतून पुसले जात नाहीत, म्हणून पुढच्या खेपेला तेच पुन्हा. वहिनींकडच्या तिहेरी मेलांचं मूळ हे.

इलाज अगदी साधा निघाला. वेबमेल उघडून फोटो कंप्युटरवर उतरवून घेतले, तो मेल तिथूनच काढला, दोन्ही थंडरबर्ड बंद करून पाऊण-एक तास पेटीला हातच लावला नाही. नंतर सगळं सुरळीत उतरलं.

महावितरणच्या बिलाचं काय? ते वहिनींच्या लॉगिनमध्ये पडलेलं सापडलं. पॉप-थ्रीत मेल उतरवल्यावर त्याची प्रत सर्व्हरवर ठेवायची की नाही, हे प्रोग्राम ठरवतो. थंडरबर्डमध्ये त्यासाठी एक टिक असते, आणि किती दिवस ठेवायचं हेही तिथेच. कधीतरी पेटी भरल्याची सूचना आली तेव्हा वहिनींच्या लॉगिनमधली ती टिक कोणीतरी काढली होती. तेव्हापासून जो आधी तपासेल त्याचा मेल. वहिनींच्या थंडरबर्डने आधी उचलला की तो काकांना कधीच दिसणार नाही. काका महिनाभर कंपनीला दोष देत होते आणि बिल त्याच कंप्युटरमध्ये, त्यांच्यापासून एका लॉगिनच्या अंतरावर होतं.

तिसरा थर : सकाळची खिडकी

इथवरच्या कशानेही सकाळच्या सर्टिफिकेटचा उलगडा होत नव्हता, आणि मी तिथे असताना ती खिडकी येतच नव्हती. मग स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, आठवडाभर लिहून ठेवायला सांगितलं : वेळ, कोणाचं लॉगिन, एररचे पहिले दोन शब्द. काकांनी मास्तरांच्या शिस्तीने लिहिलं. खिडकी फक्त सकाळीच आलेली, पण रोज नाही. एक-दोन सकाळी काहीच तक्रार नव्हती.

या बिनतक्रारीच्या सकाळींनी मला कोड्यात टाकलं होतं. सुटलं ते काकांच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये. ते तारखेप्रमाणे लावून खालपर्यंत गेलो तर तळाशी अलीकडेच पाठवलेल्या मेलांचा एक पुंजका होता. विषय या वर्षीचे, तारीख १ जानेवारी २०१४, वेळ रात्रीचे बारा वाजून काही मिनिटं. मेलवरची तारीख पाठवणाऱ्याचा कंप्युटर घालतो. म्हणजे त्या सकाळी हा कंप्युटर २०१४ सालात जगत होता.

सर्टिफिकेटवर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं आणि थंडरबर्ड ते कंप्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. या वर्षीचं सर्टिफिकेट २०१४ सालच्या घड्याळाला अजून सुरूच न झालेलं वाटणार. खिडकी त्याचीच.

मग विचारलं, रात्री बोर्डाचं बटण कोण बंद करतं? काकाच. झोपण्याआधी टीव्ही, कंप्युटर, सगळ्याची बटणं भिंतीवरून बंद, वीज वाचते आणि विजांच्या दिवसांत जिवाला घोर नाही. कंप्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत मदरबोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं. बटण बंद झालं की भिस्त मदरबोर्डावरच्या रुपयाएवढ्या सेलवर, सीआर २०३२. तो संपलेला असेल तर घड्याळ रात्रीत थांबतं आणि सकाळी कारखान्यातल्या तारखेपासून सुरू होतं. बिनतक्रारीच्या त्या सकाळी म्हणजे नातू रात्री उशिरापर्यंत बसला होता आणि बटण तसंच राहिलं होतं.

जुन्या बोर्डांवर सेल गेला की चालू होतानाच ‘एफ-वन दाबा’ असा काळा पडदा येतो आणि दुखणं लगेच कळतं. या बोर्डावर बाकीची सेटिंग्ज वेगळ्या चिपमध्ये राहतात, सेलवर फक्त घड्याळ, त्यामुळे गाजावाजा काहीच नाही.

आणि नातवाला हे माहीत होतं! नऊ वाजता ब्राउझर उघडला की “तुमचं घड्याळ मागे आहे” असं पान यायचं, तो तारीख हाताने नीट करून पुढे जायचा. त्याला वाटायचं जुना कंप्युटर आहे, असंच चालायचं. घड्याळ नीट झालं की मागे चालू असलेला काकांचा थंडरबर्ड आपोआप मेल उतरवायला लागायचा आणि संध्याकाळी काकांना सगळे आलेले दिसायचे. वहिनी दुपारी बसेपर्यंत तर सगळं आलबेल.

“पण इंटरनेटवरून वेळ आपोआप नीट व्हायला हवी ना?” हा नातवाचा प्रश्न रास्त होता. विंडोज घरगुती कंप्युटरवर वेळ जुळवून घेतं खरं, पण मूळ सेटिंगमध्ये फरक १५ तासांपर्यंतच मान्य करतं, नेमकं सांगायचं तर ५४,००० सेकंद. त्याहून जास्त फरक दिसला की बदल फार मोठा आहे म्हणून नाकारतं. दहा वर्षांचा फरक तर सोडूनच द्या. म्हणून ‘सिंक नाऊ’ दाबून काही होत नव्हतं आणि साल हाताने घातल्यावर मिनिटं मात्र बरोबर जुळत होती.

एक धागा राहिला. काकांच्या आठवणीनुसार मध्ये काही आठवडे सकाळीही सगळं ठीक चालायचं, मग पुन्हा बिघडायचं. त्याचं कारण त्यांनी दाबलेलं बटण. सर्टिफिकेटच्या खिडकीत ‘तरीही चालू द्या’ अशा अर्थाचा पर्याय असतो आणि तो कायमचा जपण्याची टिकही. ती सवलत त्या एका सर्टिफिकेटपुरती असते. कंपनीने सर्टिफिकेट बदललं की खिडकी परत. आजकाल अनेक सर्व्हरची सर्टिफिकेटं ९० दिवसांचीच असतात. या सगळ्यात मला खरा धोका कुठे दिसला असेल तर इथे. रोज सकाळी न वाचता ‘चालू द्या’ दाबायची सवय लागलेला माणूस खरोखर कोणी खोटा सर्व्हर मध्ये उभा केला तरी तेच दाबेल.

सेल काढून मल्टिमीटरवर पाहिला : २.४ व्होल्टच्या आसपास. नव्याचे ३ असतात. पन्नास रुपयांच्या आतलं काम. प्लग काढायचा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, नखाने क्लिप मागे सारायची, नव्या सेलची अधिक चिन्हाची बाजू वर. पुन्हा चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन तारीख घालायची. मग थंडरबर्डच्या सर्टिफिकेटांच्या यादीतून काकांनी जपलेल्या सगळ्या सवलती पुसल्या.

शेवटी काय बसवलं

घरचं खातं पॉप-थ्रीवरून आयमॅपवर नेलं, पोर्ट ९९३. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि दोन्ही लॉगिनला तोच दिसतो, कुलपाचा प्रश्नच येत नाही. थंडरबर्डमध्ये चालू खात्याची पद्धत बदलता येत नाही, नवं खातं जोडावं लागतं. जुने मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ओढून ठेवले, कारण कंपनीची पेटी लहान आहे आणि सगळं वर चढवलं असतं तर ती पुन्हा भरली असती. वहिनींकडे अडकलेले काकांच्या कामाचे मेल फाइल म्हणून ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये ठेवून काकांकडे आणले. अँटिव्हायरसची मेल मध्येच अडवणारी सोय बंद केली. फाइल उघडताना तो तपासतोच, तेवढं घरासाठी पुरेसं आहे असं माझं मत, काही जण असहमत असतील. मेल पाठवायचं पोर्ट आधीपासूनच ५८७ होतं, तिथे हात लावावा लागला नाही. २५ असतं तर तिथेही अडलं असतं, कारण बऱ्याच घरगुती जोडण्यांवर ते स्पॅममुळे बंदच असतं.

नातवाला सांगितलं, तू नीट केलंस ते चांगलंच, पण घरात सांग. ‘स्विच यूजर’ काही सुटणार नाही हे मला माहीत आहे, आयमॅप झाल्यावर ते सुटायची तशी गरजही उरली नाही. काका बोर्डाचं बटण अजूनही रोज बंद करतात. तेही चालेल, फक्त सेल त्यामुळे लवकर संपणार.

त्यानंतर एकदाच सकाळी काकांचा फोन आला : सर्टिफिकेटची खिडकी पुन्हा, पण घड्याळ पाहिलं, तारीख-साल बरोबर आहे, काही दाबलेलं नाही. पाहिलं तर या वेळी चूक कंपनीकडे होती, त्यांच्या सर्टिफिकेटची मुदत आदल्या रात्री संपली होती. दुपारपर्यंत त्यांनी नवं चढवलं आणि काकांचे मेल उतरले.